गणपतीशेजारचं जपानी पान

भाईंदरला आमच्या सोसायटीच्या गेटवर कुणालाही विचारा, 'जपानवाली कुठे राहते?' वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे सांगतील, बी विंग, दुसरा माळा. नवीन राहायला आलेले तर कौतुकानं बघतात तिच्याकडे. आणि ती? मान खाली घालून, जिन्याच्या भिंतीला अंग चोरून सटकते. परवा चौथ्या माळ्यावरची नवी शेजारीण मला म्हणाली, एवढी शिकलेली बाई, पण जरा म्हणून मिरवत नाही हो! मी मनात म्हटलं, साधेपणा कसला डोंबलाचा, तिला लाज वाटतेय. अजून वाटतेय.

ती माझी धाकटी जाऊ, मृणालिनी. घरात मृणाल. लाज कशाची ते मीच सांगते, कारण ती सांगायला बसली तर आधी रडून घेईल आणि तुम्हाला काही कळायचं नाही.

मृणाल भाईंदरजवळच्या मुर्ध्याची. तिच्या माहेरचं पूर्वी मिठागर होतं, आता तिथे बिल्डिंगा उठतायत. आम्ही शिगवण संगमेश्वरकडचे. माझ्या दिरानं, अमोलनं, हिच्याशी लग्न परस्पर ठरवलं. त्याचा राग आमच्या सासऱ्यांनी, पंढरीनाथ शिगवणांनी, भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यात पॉलिश करताना भांडं धरायचे तसा घट्ट धरून ठेवला. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, पण सुनेशी बोलणं म्हणून नाही. चहा हवा असला की ती समोर उभी असताना मला सांगायचे, "दुर्गा, त्यांना सांग चहा ठेवायला." त्यांना! घरच्या सुनेला! मी मध्ये उभी, टपालवाल्यासारखी. ती बिचारी "हो बाबा" म्हणायची, तेही माझ्याकडेच बघून.

तिची एकच गोष्ट बाबांना मान्य होती, तिच्या हाताचा अंदाज. सोसायटीच्या गणपतीचा नैवेद्य आमच्या घरून जातो. नैवेद्य चाखायचा नाही, देवाला उष्टं चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या हातून दरवर्षी एक भाजी तरी अळणी व्हायची. मृणाल आल्यापासून मिठाची चूक नाही. चिमूट घ्यायची, न बघता सोडायची, की झालं. "मिठागरवाल्यांची लेक आहे, हात कसा चुकेल?" असं बाबा म्हणाले होते एकदा. अर्थात मला म्हणाले, तिला नाही.

लग्नाआधी ती मीरा रोडला एका ऑफिसात मशीनच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं करायची. तिथेच जपानी शिकली, परीक्षा दिल्या. पुढे ते ऑफिस बंद पडलं, ही घरी बसली, आणि इंटरनेटवर तिला जपानमधली एक मंडळी सापडली. कॉम्प्युटरवाल्यांची इंग्रजी पुस्तकं जपानीत आणायची, पगार बिगार काही नाही, आवड म्हणून. त्यांचे प्रमुख मोरितासान म्हणून एक गृहस्थ. मृणालनं त्यांना पत्र लिहिलं आणि काम मागितलं.

पहिलं पान जपानमध्ये, त्या मंडळींच्या साइटवर लागलं त्या दिवशी अमोलनं बाबांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. बाबांनी चष्मा पुसला. सगळी जपानी चित्रं, आणि तळाला इंग्रजीत नाव, मृणालिनी शिगवण. त्यातलं 'शिगवण' बाबांनी दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मृणाल, चहा ठेव गं."

तिच्या हातातलं पातेलं पडलं. दूध गेलं सगळं. मी ओट्यावरचं दूध पुसत होते आणि ती मोरीत उभी राहून नळ सोडून रडत होती. तेव्हापासून तिला नावानं हाक मिळायला लागली. ते नाव जपानमधून आलं होतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

म्हणूनच पुढचं पान तिला लवकर हवं होतं. काय होतं ते पान, मला समजलं तेवढं सांगते. समजा, दहा जणी मिळून एकाच पातेल्यात स्वयंपाक करतायत. कुणी कधी काय घातलं, कुणी काढलं, याची नोंद ठेवणारा एक प्रोग्राम असतो. त्यातलं काही पुसलं जात नाही, चुकलं तर खाली नवी नोंद होते, एवढंच. आणि ही नोंद हवी तशी मांडून मागता येते. नाव आधी, तारीख नंतर, नुसती नावं, नावं एका रेषेत, तारीख लाल रंगात. कशी मागायची, ते सांगणारं हे पान. वर लिहायचं 'असं टाइप करा', खाली दाखवायचं 'असं दिसेल'.

मूळ पानात उदाहरणं थोडी होती. मृणालला वाटलं, आपण भरपूर देऊ, जपानी नावं घालून. पण घरचा कॉम्प्युटर म्हणजे अमोलच्या हपिसातून काढून टाकलेलं खटारं. त्यावर तो प्रोग्राम चालेचना, मध्येच बंद पडायचा. मोरितासान विचारत होते, कधी होईल? बाबा विचारत होते, "पुढचं कधी लागतंय गं?" तिनं काय केलं, तर 'असं दिसेल'च्या खालचं सगळं अंदाजानं लिहिलं. एकदाही चालवून न बघता. असं मागितलं तर असंच दिसणार, दुसरं काय दिसेल, म्हणून स्वतःच रेषा जुळवून, नावं, तारखा मांडून मोकळी झाली. हात कधी चुकला नव्हता ना तिचा!

पान लागलं. घरात श्रीखंड आलं. आणि थोड्याच दिवसांत मोरितासानांचं पत्र आलं. ते मृणालनं मला नंतर वाचून दाखवलं. त्यांनी लिहिलं होतं, तुमच्या उदाहरणांप्रमाणे करून बघितलं, पण तसं दिसत नाही. बऱ्याच लोकांनी कळवलंय. कदाचित माझ्याच मशीनमध्ये बिघाड असेल, क्षमा करा, पण आपण हे चालवून पाहिलं होतं ना?

अहो, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! तो माणूस स्वतःच्या मशीनला दोष देत होता. हिला उत्तर लिहवेना. रोज पत्र उघडायची, बघायची, बंद करायची. मला म्हणायची डोकं दुखतंय. मी आपली बाम चोळतेय!

तोवर गणपती आले. दोन हजार नऊ साल. आमचे हे गावच्या गणपतीला गेले, अमोल इथेच थांबला. सत्यनारायणाच्या पूजेच्या दिवशी सोसायटीत गुणवंतांचे सत्कार असतात. गुणवंतांचे म्हणजे हुशार लोकांचे. आमच्या सेक्रेटरींचं नावही गुणवंतभाई, त्यावरून दरवर्षी कुणीतरी तोच विनोद करतं. त्यांचं स्टेशनरोडला झेरॉक्सचं दुकान. बाबा त्यांना म्हणाले, आमच्या सुनेचं नाव जपानमध्ये लागलंय, तिचा सत्कार करा. गुणवंतभाई म्हणाले, "करेंगे ना काका! कुछ कागज-वागज है क्या दिखाने को?"

बाबांनी अमोलला सांगितलं, तिचं नाव असलेलं पान काढून दे. अमोलला जपानीतलं ओ की ठो कळत नाही. त्यानं त्या मंडळींच्या साइटवर बायकोचं नाव शोधलं. एका पानावर नाव एकदाच होतं, तळाला. आणि दुसऱ्या पानावर प्रत्येक ओळीत! वरपासून खालपर्यंत, मृणालिनी शिगवण, मृणालिनी शिगवण. भला माणूस, त्यानं तेच निवडलं. गुणवंतभाईंनी ते मोठं करून, लॅमिनेट करून मंडपात लावलं, गणपतीच्या उजव्या हाताला, झेंडूच्या माळेत. तिला सरप्राइज द्यायचं म्हणून कुणी बोललं नाही.

संध्याकाळच्या आरतीला आम्ही दोघी गेलो. मी टाळ्या वाजवतेय, आणि बाजूला बघते तर मृणालचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, चक्कर येतेय. घरी आणली, पंख्याखाली बसवली. "अगं, काय होतंय?" तर म्हणाली, "ताई, ते पान काढायला सांगा." आणि मग सगळं ओकली. ते पान म्हणजे त्या नोंदणीच्या प्रोग्राममधली नोंद होती. हिचं उत्तर येईना, तेव्हा मोरितासानांनी एकेक उदाहरण काढून टाकलं होतं आणि दर वेळी एक ओळ लिहिली होती: 'मृणालिनी शिगवण यांचं उदाहरण मागे घेतलं. प्रत्यक्षात असं दिसत नाही.' पुन्हा खाली तेच, पुन्हा तेच.

माझं टाळकं सरकलं. "वेडी आहेस का तू? न चालवता लिहिलंस? आणि आम्ही श्रीखंड खातोय!" पण लगेच मला बाबा दिसले, मंडपात त्या पानाखाली खुर्ची टाकून बसलेले. म्हटलं, "हे बघ, इथे जपानी येतं कुणाला? गणपतीला येत असेल तर तो सांगायला येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. गप बस, विसर्जनाला काढूच."

ती गप बसली. पण गप बसून कुठे भागतंय? लोक गणपतीला हात जोडायचे आणि मग त्या पानाला. हिला थांबवून विचारायचे, ह्यात काय लिहिलंय हो? ही म्हणायची, "माझ्या कामाबद्दल आहे." खोटं नव्हतं ते, म्हणून निभावलं.

सत्यनारायणाच्या आदल्या दिवशी तिचे वडील आले मुर्ध्याहून. शिवदासदादा. अंगठाछाप माणूस, आयुष्य मिठात गेलेलं, पायाची कातडी अजून भेगाळलेली. लेकीचं नाव देवाशेजारी लागलंय म्हणून धुतलेला सदरा घालून आले. पानापुढे उभे राहिले, म्हणाले, "बाय, यात तुजा नाव कंचा? बोट ठेव." हिनं बोट ठेवलं. "ह्यो पन? ह्यो पन? आरं देवा, समदीकरं तुजाच नाव हाय!" आणि मग म्हणाले, "काय लिवलाय, वाचून दाव मना."

मी बाजूलाच होते. मला वाटलं, म्हणेल नेहमीचंच, माझ्या कामाबद्दल. पण बापाचा चेहरा बघून तिच्या तोंडून भलतंच निघालं. म्हणाली, "लिहिलंय की, मृणालिनीनं काम चोख केलंय."

"समदीकरं त्याच लिवलाय?"

"हो दादा."

म्हाताऱ्यानं पानाला हात लावून तो हात कपाळाला लावला. गुणवंतभाईंनी लगेच त्याची छोटी कॉपी काढून, लॅमिनेट करून त्यांना दिली, "ले जाओ दादा, घर में लगाओ." दादा ती छातीशी धरून रिक्षात बसले. मृणाल मागे वळून बघेना. घरी आली ती तडक मोरीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, तीर्थप्रसाद झाला, सत्कार सुरू झाले. बाबांनी हट्ट धरला, सुनेला नारळ मीच देणार. कडक इस्त्रीची टोपी, हातात नारळ. मृणाल स्टेजवर आली, जणू कुणी ढकलत आणलीय. गुणवंतभाईंनी माइक पुढे केला, "भाभी, एक लाइन जापानी में पढ़के सुनाओ ना! हम लोग भी तो सुनें!"

तिनं वाचलं. पहिलीच ओळ, पानावरची. काय सुंदर वाटलं हो ऐकायला, एखादं स्तोत्र म्हणावं तसं. टाळ्यांचा पाऊस! पोरं शिट्ट्या वाजवतायत. मी मात्र खाली बसून पदर चावतेय, कारण त्या टाळ्या कशाला पडतायत ते आम्ही दोघीच जाणत होतो. आता उतर खाली, मी मनात म्हणतेय, उतर बाई.

तेवढ्यात बाबांनी माइक घेतला. "आता मराठीत सांग मृणाल. सगळ्यांना कळू दे."

ती बाबांकडे बघत राहिली. खरं सांगते, मला वाटलं ती कालचंच सांगेल, काम चोख केलंय म्हणून, आणि सुटेल. पण एकदा बापाला सांगितलेलं खोटं दुसऱ्यांदा तिच्या तोंडातून निघेना. म्हणाली, "यात लिहिलंय की, मृणालिनी शिगवण यांचं उदाहरण मागे घेतलं. प्रत्यक्षात असं दिसत नाही." आणि बोट वरून खाली फिरवत म्हणाली, "प्रत्येक ओळीत हेच लिहिलंय. मी न तपासता काम दिलं. अंदाजानं लिहिलं. ते चुकलं, म्हणून त्यांनी काढून टाकलं. काल माझ्या वडलांनी विचारलं, त्यांनाही मी खोटं वाचून दाखवलं."

गुणवंतभाई चांगला माणूस, म्हणाले, "अरे, कोई बात नहीं, होता है, ताली बजाओ!" चार जणांनी वाजवल्या, त्याही अर्ध्यावर थांबल्या. बाबांच्या हातात नारळ होता. हिनं ओटीला पदर पुढे केलेला. त्यांनी नारळ तिला दिला नाही. वळले, गणपतीपुढे ठेवला, आणि टोपी काढून हातात घेऊन घरी गेले. इतक्या लोकांतून बोडक्या डोक्यानं चालत. तो माणूस मयताशिवाय टोपी काढत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपराआडून आवाज आला, "दुर्गा, त्यांना सांग चहा ठेवायला."

झालं! परत आम्ही तिथेच. मृणाल म्हणाली, "हो बाबा." माझ्याकडे बघून. दिवाळी गेली, संक्रांत गेली. नैवेद्याला, सणाला ती स्वयंपाकघरात यायची, पण मिठाला हात लावायची नाही. "ताई, तुम्ही घाला." मी घालायची आणि घरादारानं अळणी खायचं.

मोरितासानांना मात्र तिनं पूजेच्याच आठवड्यात लिहिलं, मी चालवून पाहिलं नव्हतं, आणि तुमच्या मशीनमध्ये काही बिघाड नाही. त्यांनी कळवलं, काम परत हातात घ्या. त्या खटाऱ्यावर तिनं नवीन काय काय बसवलं, अमोलच्या डोक्याला ताप दिला, आणि एकेक ओळ टाइप करून, समोर दिसेल तेवढंच खाली लिहायला लागली. रेष वाकडी दिसली तर वाकडी. एका दुपारी माझ्याकडे आली. "ताई, बाबांना सांगाल? पान परत लागलं म्हणून."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "मी काय पोस्टखातं उघडलंय का तुमचं? तिकडून 'त्यांना सांग', इकडून 'बाबांना सांगा'! एका घरात राहता, एका कुकरचा भात खाता! बाबा, इकडे या. या म्हणते ना!" सासऱ्यांवर असं ओरडायची माझी पहिलीच वेळ. ते घाबरून उठून आले. दोघांना कॉम्प्युटरपुढे उभं केलं. "बोला आता."

बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "कुणी तपासलं?"

"मी, बाबा. प्रत्येक ओळ. मग त्यांनीही."

"काय लिहिलंय?"

तिनं नोंद वाचली. "'मृणालिनी शिगवण. नवीन उदाहरणं घातली. सर्व चालवून पाहिली आहेत.'"

"आणि ते आधीचं?"

"ते खाली तसंच आहे. ते पुसता येत नाही."

बाबांनी मान हलवली. मला वाटलं, आता निवळले. पण ते तिच्याकडे वळून, सरळ तिच्याकडे, म्हणाले, "मला चार लोकांत खरं सांगितलंस. तुझ्या बापाच्या भिंतीवर मात्र अजून ते खोटं लटकतंय ना? आधी तिथे जा, मृणाल. मग माझा चहा ठेव."

नावानं हाक मारली, पण काय ठिकाणी मारली! पाच महिने ती मुर्ध्याला पाय टाकत नव्हती, ते याचसाठी.

त्याच संध्याकाळी मी तिला घेऊन गेले. दादांच्या घरात देवाच्या फोटोंच्या रांगेत ते लॅमिनेट लावलेलं, त्याला रोजचं फूल. आम्ही टेकतोय तोवर शेजारची कुणी बाई आली, तर दादांनी तिलाही दाखवलं. ओळीवरून बोट फिरवत, पाठ झालेलं, "मृणालिनीनी काम चोख केलाय. हे बग, हितंबी त्याच. मृणालिनीनी काम चोख केलाय." बोट कुठल्याही ओळीवर असलं तरी चालत होतं, सगळ्या ओळी त्यांना सारख्याच.

बाई गेल्यावर मृणाल बोलली. बसून नाही, उभ्यानं, शाळेत बाई उभं करतात तशी. खरं काय लिहिलंय ते सांगितलं. दादा ऐकत होते. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं! नुसते उठले, त्यावरचं फूल काढून देवापुढे ठेवलं, आणि म्हणाले, "तूच उतरव बाय. मना न्हाय जमायचा." तिनं स्टुलावर चढून उतरवलं.

मग तिनं पिशवीतून नवीन कागद काढला, त्या दिवशीच्या नोंदीचा. त्यावर नाव एकदाच. वाचून दाखवलं, हळूहळू, आधी जपानी, मग मराठी. दादांनी कागद हातात घेतला, उलटा की सुलटा ते त्यांना कळत नव्हतं. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आणि मग अगदी मऊ आवाजात विचारलं.

"या येळी खरा वाचलास ना, बाय?"

मृणालनं नुसत्या मानेनं 'हो' म्हटलं. म्हाताऱ्यानं कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला. भिंतीवर लावला नाही.